मत्तयच्या वाक्यातलं हरवलेलं ‘कारण’

नव्या कराराच्या पहिल्याच अध्यायात एक वाक्य आहे. योसेफाच्या स्वप्नात देवदूत येतो आणि सांगतो, मरीयेला मुलगा होईल, त्याचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. मत्तयचं शुभवर्तमान, अध्याय १, वचन २१.

यातल्या ‘कारण’पाशी जरा थांबू. ‘मुलीचं नाव दीपा ठेवा, कारण ती घर उजळणार आहे’ असं कुणी म्हटलं तर ते लगेच पटतं, कारण दीप म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतं. पण ‘येशू’ आणि ‘तारील’ यांचा एकमेकांशी काय संबंध? दोन्हींत एक अक्षरही सारखं नाही. मग देवदूताने ‘कारण’ कशाच्या जोरावर म्हटलं?

पहिली शंका भाषांतरावर येते. मराठीत आणताना काहीतरी सांडलं असेल, असं वाटतं. म्हणून मूळ ग्रीक उघडून बघावं, तर तिथेही तीच गत. नाव आहे ‘इएसूस’, आणि ‘तारील’साठी क्रियापद आहे ‘सोसेइ’. दोन्हींत ‘स’ वाजतो एवढंच. ग्रीक माणसाला या दोन शब्दांत काहीही नातं दिसणार नाही. म्हणजे वाक्य ग्रीकमध्ये लिहिलेलं आहे, पण त्याचा सांधा ग्रीकमध्ये नाहीच. तो हिब्रूत आहे. ‘इएसूस’ हा ग्रीक अंगरखा घातलेला हिब्रू माणूस आहे, आणि अंगरखा उतरवल्याशिवाय ते ‘कारण’ काही सापडत नाही.

तर मुळापासून सुरुवात करू. नाव आहे ‘यहोशूअ’. मराठी बायबलात हाच माणूस ‘यहोशवा’ म्हणून भेटतो: मोशेचा मदतनीस, त्याच्यामागून इस्राएल लोकांना यार्देन नदीपलीकडे नेणारा नूनचा मुलगा. गंमत म्हणजे हे नाव त्याला जन्माने मिळालेलं नाही. गणना या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सांगितलंय की त्याचं नाव होशेय होतं, आणि मोशेने ते बदलून यहोशूअ केलं. होशेय म्हणजे साधारण ‘तारण’. मोशेने त्याच्या पुढे देवाच्या नावाचा तुकडा जोडला, ‘यहो’. नुसतं ‘तारण’ होतं, त्याचं ‘यहोवा तारतो’ किंवा ‘यहोवा हेच तारण’ झालं. एका माणसाचं नाव एका पूर्ण वाक्याएवढं झालं.

हिब्रू नावांची ही खोडच आहे. आपल्याकडे रामदास, देवदत्त, शिवराम अशी देवाचं नाव पोटात घेतलेली नावं असतात, तशीच ती. फरक इतकाच की आपली बहुतेक समास असतात आणि त्यांची कैकदा क्रियापदासकट वाक्यं असतात. यहोशूअमधलं क्रियापद ज्या धातूचं आहे त्याची तीन व्यंजनं म्हणजे योद, शीन आणि आयिन. अर्थ सोडवणे, संकटातून बाहेर काढणे, तारणे. काही अभ्यासक नावाचा उत्तरार्ध मदतीसाठी हाक मारण्याच्या दुसऱ्या एका धातूशी जोडतात. पण बायबल लिहिणाऱ्यांच्या आणि वाचणाऱ्यांच्या कानाला त्यात ‘तारणे’च ऐकू येत होतं, आणि आपल्या कामाला तेवढं पुरे.

एकदा हा धातू ओळखला की तो जागोजागी डोकं वर काढतो. यशया संदेष्टा घ्या. त्याचं हिब्रू नाव ‘यशयाहू’, म्हणजे तेच दोन तुकडे, फक्त क्रम उलटा: आधी तारण, मग देव. होशेय संदेष्ट्याचं नाव तर यहोशवाचंच जुनं नाव. अलीशा म्हणजे ‘माझा देव तारण आहे’. आणि झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये जी ‘होसान्ना’ची आरोळी होते ती ११८व्या स्तोत्रातली ‘होशीआ ना’, म्हणजे ‘तार रे आता!’ येशू गाढवावर बसून यरुशलेममध्ये शिरतो आणि लोक ‘होसान्ना’ ओरडतात, तेव्हा आरोळीतला धातू आणि स्वाराच्या नावातला धातू एकच असतो. ग्रीक वाचकाला हेही दिसत नाही.

आता नाव लहान कसं झालं ते बघू, कारण ‘यहोशूअ’ आणि ‘येशू’ यांच्यात अजून बरंच अंतर आहे. इ.स.पूर्व सहाव्या शतकात यहूदी लोक बाबेलच्या बंदिवासात गेले आणि परतले. त्यानंतरच्या पुस्तकांत ‘यहोशूअ’च्या जोडीला ‘येशूअ’ हे आखूड रूप दिसायला लागतं. रोजच्या वापरात नावं झिजतातच. ज्ञानेश्वराचा ज्ञानबा होतो, विठ्ठलाचा विठू होतो. पण इथे झिजल्याचा लेखी पुरावा आहे. बंदिवासातून परतलेल्यांच्या वेळचा जो महायाजक होता, त्याला बायबलातली हाग्गय आणि जखऱ्या ही पुस्तकं ‘यहोशूअ’ म्हणतात, तर एज्रा आणि नहेम्या ‘येशूअ’. माणूस एक, पद एक, काळ एक. इतकंच काय, नहेम्याच्या आठव्या अध्यायात खुद्द नूनच्या मुलालाही ‘येशूअ’ म्हटलंय. म्हणजे ज्याचं नाव मोशेने मुद्दाम लांब केलं, त्याचंच लोकांनी पुन्हा आखूड करून टाकलं.

पुढचा मुक्काम इजिप्तमधलं आलेक्झांड्रिया. तिथल्या यहुद्यांची घरची भाषा ग्रीक झाली होती, आणि इ.स.पूर्व तिसऱ्या शतकापासून त्यांच्या धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर तिथे सुरू झालं. ‘यहोशूअ’ आणि ‘येशूअ’ या दोन्हींसाठी भाषांतरकारांनी एकच ग्रीक रूप ठेवलं, ‘इएसूस’. हे रूप त्यांनी मन मानेल तसं घडवलेलं नाही. ग्रीकच्या अडचणींनीच ते घडवलं.

ग्रीकमध्ये ‘श’ नाही. शीनच्या जागी सिग्मा, म्हणजे ‘स’, बसवावा लागला. ग्रीकमध्ये आयिनही नाही. हा घशाच्या तळातून येणारा आवाज आपल्यालाही नीट ऐकू येत नाही. अरबीतला ‘अली’ आणि ‘ईद’ यांच्या सुरुवातीला तोच असतो आणि आपण तो सरळ गिळतो. सगळ्यात चपखल उदाहरण तर आपल्या तोंडात दिवसातून दहादा येतं. ‘सुरू’ हा शब्द मूळ अरबी ‘शुरूअ’. शेवटचा आयिन मराठीने टाकून दिला आणि ‘श’चा ‘स’ केला. आलेक्झांड्रियात येशूअचं जे झालं, नेमकं तेच. ग्रीक भाषांतरकारांना नावं ठेवण्याआधी आपण ‘सुरू’ आठवावा.

आयिन गेल्यावर उरलं ‘इएसू’. आता ग्रीक व्याकरण आडवं येतं. ग्रीकमध्ये नावाला विभक्ती चालवावी लागते, आणि पुरुषाचं नाव कर्ता म्हणून यायचं तर शेवटी बहुधा ‘स’ लागतो. म्हणून ‘इएसूस’. कर्माच्या जागी ‘इएसून’, षष्ठीत नुसतं ‘इएसू’, आणि हाक मारतानाही ‘इएसू’. म्हणजे शेवटचा ‘स’ नावाचा भागच नाही, तो प्रत्यय आहे.

परक्या नावाला आपल्या व्याकरणात बसवायचं काम कोकणातही झालंय, तेही हिब्रू नावांवरच. मुंबईतलं पहिलं यहुदी प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर बेने इस्राएल समाजाचे. त्यांचं रुळलेलं नाव होतं सामाजी हसाजी दिवेकर. सॅम्युअलचा सामाजी झाला, कारण शिवाजी, संभाजी, बाजी अशा नावांच्या मुलखात ‘जी’ लावल्यावरच नाव नावासारखं वाटतं. ग्रीकांच्या मुलखात ते काम ‘स’ करतो.

आता परत त्या ‘कारण’कडे. देवदूताचं वाक्य हिब्रूत बोलून बघा: नाव ‘येशूअ’, आणि ‘तो तारील’ म्हणजे ‘योशीअ’. येशूअ ठेव, कारण तो योशीअ. आता ‘कारण’ घट्ट बसतं. दीपा आणि दिव्याइतकं.

मला यात सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती मत्तयची शांतता. दोनच वचनं पुढे तो ‘इम्मानुएल’ हे नाव देतो आणि लगेच फोड करून सांगतो: त्याचा अर्थ ‘आमच्याबरोबर देव’. म्हणजे वाचकाला हिब्रू येत नसेल याची त्याला जाणीव आहे. तरी ‘येशू’चा अर्थ तो सांगत नाही, फक्त ‘कारण’ म्हणतो आणि पुढे जातो. याचा सरळ अर्थ मला असा दिसतो की ‘इम्मानुएल’ दुर्मीळ नाव होतं, ‘येशू’चा अर्थ मात्र ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनाही तोंडपाठ होता. याला बाहेरून आधार आहे. पहिल्या शतकातला आलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो ग्रीकमध्येच लिहायचा, आणि मोशेने केलेल्या नामांतराबद्दल लिहिताना तो ‘इएसूस’ म्हणजे ‘प्रभूचं तारण’ असं सांगतो. अर्थ पिढ्यान्‌पिढ्या नावासोबत चालत आला होता. पुढे ज्यांच्या घरात ती यहुदी परंपरा नव्हती अशांनी मत्तय वाचायला घेतला, तेव्हा ‘कारण’ अधांतरी राहिलं.

अधांतरी राहिलेल्या जागी लोक काहीतरी टेकू लावतातच. ग्रीकमध्ये ‘इआस्थाइ’ म्हणजे बरं करणे, उपचार करणे. इएसूस आणि इआस्थाइ कानाला जवळ वाटतात. चौथ्या शतकात यरुशलेमचा बिशप सिरिल बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना शिकवताना म्हणतो की येशू या नावाचा अर्थ हिब्रूत ‘तारणारा’, पण ग्रीकमध्ये ‘बरं करणारा’. व्युत्पत्ती म्हणून दुसरा अर्धा भाग चूक आहे. पण आंधळ्या-पांगळ्यांना बरं करणाऱ्या माणसाच्या नावात ग्रीक भक्ताला वैद्य ऐकू आला, तर त्याला दोष कसा द्यावा? या ध्वनिसाम्याचा फायदा त्याआधीही कुणी घेतला होता. इ.स.पूर्व १७५च्या सुमारास यरुशलेमचा महायाजक झालेला एक येशूअ ग्रीक रीतिरिवाजांचा शौकीन होता. त्याने स्वतःचं नाव ‘इआसोन’ करून घेतलं. इआसोन हे अस्सल ग्रीक नाव, पुराणकथेतल्या वीराचं, आणि तेही त्याच बरं करण्याच्या क्रियापदाशी जोडलं जाणारं.

आज हे नाव एकाच व्यक्तीचं वाटतं. त्या काळी तसं अजिबात नव्हतं. पहिल्या शतकातल्या पॅलेस्टाइनमध्ये पुरुषांच्या सर्वांत वापरातल्या दहा नावांत ते बसतं. यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या ग्रंथांत या नावाची वीसेक माणसं भेटतात. त्यात साठीच्या दशकात एकामागोमाग महायाजक झालेले दोन येशू आहेत, ज्यांच्या माणसांत रस्त्यावर दगडफेक झाली. आणि एक अनन्याचा मुलगा येशू आहे, साधा शेतकरी. तो सात वर्षं ‘यरुशलेमचा धिक्कार असो’ म्हणत गल्ल्यांतून हिंडला आणि शेवटी रोमनांच्या वेढ्यात गोफणयंत्राचा दगड लागून मेला. नव्या करारातच आणखी येशू आहेत. पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात ‘युस्त म्हटलेला येशू’ आहे. प्रेषितांच्या कृत्यांत सायप्रस बेटावरचा जादूगार आहे, त्याचं नाव ‘बर-येशू’, म्हणजे येशूचा मुलगा. लूकने दिलेल्या वंशावळीत येशूच्या पूर्वजांतही एक येशू आहे.

इतकं सर्रास नाव असल्यामुळेच तर ‘नासरेथकर येशू’ म्हणावं लागायचं. आपल्या गावात चार तुकाराम असले की ‘वरच्या आळीतला’ म्हणतो, तसं.

१९८० मध्ये यरुशलेमच्या तलपियोत भागात बांधकामाच्या वेळी एक प्राचीन थडगं सापडलं. तिथल्या एका अस्थिपेटीवर ‘येशूअ, योसेफचा मुलगा’ असं वाचलं गेलं. २००७ मध्ये हे येशूचंच थडगं असं सांगणारा माहितीपट आला आणि जगभर खळबळ उडाली. नावांची वारंवारिता माहीत असलेल्या अभ्यासकांनी मात्र खांदे उडवले. योसेफ हे तर त्या काळी येशूहूनही जास्त चालणारं नाव. दोन्ही एका पेटीवर येणं यात नवल ते काय?

पण सर्वांत अस्वस्थ करणारा नामबंधू वेगळाच आहे. येशूच्या खटल्यात रोमन सुभेदार पिलात लोकांना विचारतो, कोणाला सोडू, बरब्बाला की येशूला? मत्तयच्या काही हस्तलिखितांत इथे त्या कैद्याचं पूर्ण नाव ‘येशू बरब्बा’ असं आहे. ‘बर-अब्बा’ म्हणजे अरामी भाषेत बापाचा मुलगा. म्हणजे पिलातापुढे दोन येशू उभे, आणि दुसराही ‘बापाचा मुलगा’. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन हा पाठ बघून अडखळला. हे नाव गुन्हेगाराला लागलेलं त्याला पटेना. माझा कल तो पाठ खरा मानण्याकडे आहे. नकलाकाराने भक्तीपोटी हे नाव खोडलं असेल हे सहज समजतं. दरोडेखोराला ते मुद्दाम जोडायला कोण धजेल?

एकाच ग्रीक रूपात दोन हिब्रू रूपं गेली, याचा एक घोळ भाषांतरकारांना शतकानुशतकं छळतो आहे. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहिलंय की इएसूसने त्यांना विसावा दिला असता, तर देव पुढे दुसऱ्या दिवसाबद्दल बोलला नसता. हा इएसूस म्हणजे नूनचा मुलगा. १६११च्या इंग्रजी राजआवृत्तीने (किंग जेम्स बायबलने) मात्र तिथे येशूचंच नाव छापलं, आणि वाचणाऱ्याला वाटलं की येशूला विसावा देता आला नाही! मराठी बायबलात तिथे ‘यहोशवा’ आहे, त्यामुळे आपला गोंधळ होत नाही. पण त्याची किंमतही आहे. ग्रीक वाचकाला पहिला इएसूस आणि दुसरा इएसूस समोरासमोर उभे दिसायचे: एकाने वचनदत्त देशात नेलं, दुसरा त्याहून मोठ्या विसाव्यात नेतो. पत्रलेखकाच्या युक्तिवादाला या जुळ्या नावाची धार आहे. यहोशवा आणि येशू ही एकाच नावाची दोन रूपं आहेत हे मराठी वाचकाला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

ग्रीकच्या पुढचा प्रवास भराभर सांगतो. लॅटिनने ‘इएसूस’ जवळजवळ तसंच घेतलं. ‘आय’पासून ‘जे’ हे वेगळं अक्षर सोळाव्या शतकात स्थिरावू लागलं. १६११च्या त्या इंग्रजी बायबलातही नाव ‘आय’नेच छापलेलं आहे. इंग्रजीत फ्रेंचच्या वळणाने तिथे ‘ज’ वाजू लागला आणि ‘जीझस’ तयार झालं. हिब्रूतला ‘य’, ‘श’ आणि आयिन, तिन्ही गेले. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर ‘जेजू’ आलं. केरळच्या सिरियन परंपरेतले ख्रिस्ती ‘ईशो’ म्हणतात. ते ग्रीकच्या दारात गेलंच नाही, ते सरळ सिरियाक, म्हणजे अरामीच्या घराण्यातून आलं. मराठी ‘येशू’तला मधला ‘श’ही असाच बोलका आहे. तो ना ग्रीकमध्ये आहे, ना लॅटिनमध्ये, ना पोर्तुगीजमध्ये.

अरबीत दोन रूपं आहेत. अरब ख्रिस्ती ‘यसूअ’ म्हणतात, कुराणात ‘ईसा’ आहे. हिब्रूत शेवटी असलेला आयिन ‘ईसा’त सुरुवातीला येतो, असं का झालं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण हा ‘ईसा’ आपण रोज लिहितो. हिजरी सन, फसली सन यांच्या रांगेतला ‘इसवी सन’, म्हणजे ईसाचा सन. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात पानोपानी असलेलं ‘इ.स.’ हे त्या यहोशूअचंच टोक.

फोनवर फिरणाऱ्या निरोपांबद्दल चार शब्द. ‘ईसा म्हणजे ईश’ हे आयिनमुळेच बाद होतं. संस्कृत ‘ईश’ला सत्ता चालवण्याचा धातू आहे, तारण्याचा नाही. ‘इएसूसमध्ये झ्यूस देव लपलाय’ हाही असाच फुसका बार: झ्यूस झीटाने लिहितात, इथे सिग्मा आहे, आणि शेवटचा ‘स’ तर प्रत्यय. ‘ख्रिस्त म्हणजे कृष्ण’ म्हणावं, तर ‘ख्रिस्त’ हे नावच नाही. ‘ख्रिस्तोस’ म्हणजे तेलाने अभिषेक केलेला, हिब्रू ‘माशीअह’चं ग्रीक भाषांतर. ते पद आहे, आडनाव नव्हे.

जुन्या गोव्यात बॉम जीझस बासिलिकाच्या दर्शनी भिंतीवर, अगदी वर, दगडात तीन अक्षरं कोरलेली आहेत. रोमन ‘आय’, ‘एच’, ‘एस’ अशी ती वाचली जातात, आणि त्यांवर ‘मानवांचा तारणारा येशू’ असं लॅटिन वाक्यही नंतर बसवलं गेलं. मुळात ती ‘इएसूस’ची पहिली तीन ग्रीक अक्षरं. ‘आय’ म्हणजे आयोटा. ‘एच’ दिसतो तो ग्रीक ईटा, येशूअमधल्या ‘ये’चा स्वर धरून ठेवलेला. आणि ‘एस’ म्हणजे सिग्मा, आलेक्झांड्रियात कुणीतरी शीनच्या जागी नाइलाजाने बसवला होता तोच.